सुडोचा सूड

मंडळी, या वीकेंडला थोडा इतिहास. लढाया, तह, सनावळ्या असला नव्हे. एका बिटाचा इतिहास. हो, एकाच बिटाचा. पण या एकाचा शून्य झाला, की चांगला नांदता सर्व्हर असा काही रुसून बसतो की ज्याचं नाव ते.

प्रकार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एखादं ॲप्लिकेशन कुठल्याशा फोल्डरमध्ये फाईल लिहू शकत नसतं. 'परमिशन डिनाइड' वाचून वाचून डोकं उठलेलं असतं. मग शेजारच्या क्युबिकलमधून सल्ला येतो, "अरे, सीएचमॉड ७७७ मार ना, हायफन आर लावून. होऊन जाईल." (कमांडची नावं आपण बोलतो तशीच लिहितोय.) ही कमांड त्या एका फोल्डरपुरती चालली तर फार तर गबाळेपणा म्हणू. पण पाथमध्ये एक स्पेस किंवा एक स्लॅश चुकीच्या जागी पडला, की ती थेट मुळापासून फिरते. यूएसआर, ईटीसी, सगळीकडे. काम काही सेकंदांचं. मग घाईघाईने निस्तरायला जावं, तर सुडो सांगतो: माझा मालक रूट असायला हवा आणि माझ्यावर सेटयूआयडी बिट हवा. तो नाही. सबब मी चालणार नाही.

विनोद असा की ती कमांड चालवायला सुडोचीच मदत घेतलेली असते. ज्या फांदीवर बसलो तीच तोडायची, आणि कुऱ्हाडही त्याच झाडाच्या लाकडाची! 'सुडो' हा शब्द मराठी माणसाला 'सूड' असा ऐकू येतो तो उगाच नाही.

पण जरा थांबून विचार करा. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. मालकाने वाचा, लिहा, चालवा. ग्रुपने वाचा, लिहा, चालवा. बाकीच्या जगानेही तेच. इतकी खैरात केल्यावर खरं तर कुणीच अडायला नको. प्रत्यक्षात मात्र खुद्द ॲडमिनिस्ट्रेटरच घराबाहेर उभा. लॅचचं दार वाऱ्याने लागलं आणि किल्ली आत राहिली, तसं. अधिकार वाढवले आणि अधिकार गेला, हे गणित काय आहे? त्यासाठी पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

एक मोठा कॉम्प्युटर आणि त्यावर एकाच वेळी अनेक माणसं, ही कल्पना १९६० च्या दशकात रुजली. अमेरिकेत एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची अशी एक टाइम-शेअरिंग सिस्टिम होती. तिथे १९६६ साली एक भन्नाट घोळ झाला. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीला दिवसाची सूचना दिसायची. एके दिवशी त्या सूचनेऐवजी सगळ्या यूजर्सचे पासवर्ड छापून यायला लागले! कारण अगदी साधं. तिथला एडिटर आपल्या तात्पुरत्या फाईलला नेहमी एकच ठरावीक नाव द्यायचा. सिस्टिम सांभाळणाऱ्या दोघांनी एकाच वेळी एडिटर उघडला. एक जण सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डची फाईल. दोघांच्या तात्पुरत्या फाईल्स एकमेकांत मिसळल्या. सीटीएसएसचे जनक फर्नांडो कोर्बाटो यांनी पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हा किस्सा सांगितला होता. कुणी हल्ला केला नव्हता, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळे अधिकारी आपापलं काम करत होते. ॲडमिनिस्ट्रेटरच्या हातून होणाऱ्या अपघातांची परंपरा ही अशी जुनी आहे बरं का!

यानंतर तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. युनिक्सच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्यात सीएचमॉड आहे, एसयू पण आहे. पण तेव्हाच्या परमिशन्स आजच्या नऊ बिटांच्या नव्हत्या. ग्रुप हा प्रकारच नव्हता. मालकाला वाचता येतं का, लिहिता येतं का. इतरांना वाचता येतं का, लिहिता येतं का. आणि फाईल चालवता येते का, असे पाच बिट. शिवाय सहावा. तो म्हणजे सेटयूआयडी. आपल्या गोष्टीचा नायक पहिल्या दिवसापासून हजर आहे. ग्रुप नंतर आला, हा आधी!

हा बिट का लागला? पासवर्डचं उदाहरण घेऊ. सगळ्यांची खाती एका फाईलमध्ये. ती फाईल फक्त रूटने बदलायची, नाहीतर कुणीही उठून दुसऱ्याचा पासवर्ड बदलेल. पण मला माझा स्वतःचा पासवर्ड बदलायचा असेल तर? दर वेळी ॲडमिनच्या दारात उभं राहायचं? यावर रिचींनी काढलेली युक्ती अशी: पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम रूटच्या मालकीचा ठेवा आणि त्यावर एक खूण करा. ही खूण असेल तर प्रोग्रॅम कुणीही चालवला तरी तो चालवणाऱ्याच्या नव्हे, आपल्या मालकाच्या अधिकाराने चालेल.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हे कुलमुखत्यारपत्र. गावची जमीन आजोबांच्या नावावर, ते तालुक्याच्या कचेरीत जाऊ शकत नाहीत, म्हणून काकांच्या नावे मुखत्यारपत्र. काका सही करतात, पण चालते ती आजोबांची सही. सेटयूआयडी म्हणजे फाईलच्या कपाळावर चिकटवलेलं मुखत्यारपत्र. अट एकच, की ज्याच्या हाती ते दिलंय तो प्रोग्रॅम भरवशाचा हवा आणि त्याने नेमून दिलेलं तेवढंच काम करायला हवं.

रिची आणि थॉम्प्सन यांनी जुलै १९७४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात युनिक्सवर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात या बिटाचं वर्णन आहे. तिथे उदाहरण म्हणून येतो चक्क एक खेळ! मू नावाचा, आकडा ओळखण्याचा. १९७१ साली एका नियतकालिकातल्या सदरात कोडं घातलं होतं: खेळणाऱ्यांचे गुण एका फाईलमध्ये नोंदवायचे आहेत. खेळ सगळ्यांना खेळता यावा, गुण आपोआप लिहिले जावेत, पण खेळाडूला ती फाईल उघडून स्वतःचे गुण वाढवता येऊ नयेत. कसं कराल? युनिक्सवाल्यांचं उत्तर, सेटयूआयडी लावा, संपलं. यातली मोठी गोष्ट अशी की त्यासाठी ॲडमिनची परवानगी लागत नाही. मुखत्यारपत्र रूटनेच द्यावं असं नाही, कुठलाही यूजर आपल्या फाईलपुरतं देऊ शकतो.

रिचींनी या कल्पनेचं पेटंटही घेतलं. अर्ज ९ जुलै १९७३ चा, मंजुरी १६ जानेवारी १९७९ ची, क्रमांक ४१३५२४०. त्या काळी सॉफ्टवेअरला पेटंट मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून त्यात ही युक्ती हार्डवेअरच्या सर्किटच्या भाषेत मांडली आहे. बेल लॅब्सने पुढे ते पेटंट सर्वांसाठी खुलं करून टाकलं. आज आपण वापरतो त्या प्रत्येक लिनक्समध्ये हा बिट आहे.

आता आपल्या गणिताकडे येऊ. आज सुडोची फाईल बघितली तर साधारणपणे परमिशन दिसते ४७५५. शेवटचे तीन आकडे नेहमीचे. पुढचा चार म्हणजे मुखत्यारपत्र. आपण ७७७ देतो तेव्हा खरं तर ०७७७ देत असतो. म्हणजे तीन आकडे वाढवताना चौथा पुसून टाकतो. फाईल आता कुणीही वाचावी, लिहावी, चालवावी. पण कुणीही चालवली तरी ती त्याच्याच अधिकाराने चालणार. मुखत्यारपत्र फाडलं गेलंय. आणि एकट्या सुडोचंच नव्हे. एसयू, पासवर्ड बदलणारा प्रोग्रॅम, माउंट, पीकेएक्झेक, ही सगळी मंडळी याच बिटावर जगतात. सगळ्यांचं एकदम जातं.

सीएचओन वापरून मालक बदलला तरी तेच. लिनक्स कर्नल मालक बदलताना चालवण्याजोग्या फाईलवरचा सेटयूआयडी बिट स्वतःहून काढून टाकतो, मग कमांड रूटने दिलेली का असेना. हे बरोबरच आहे. जमीन विकली गेली की आधीच्या मालकाचं मुखत्यारपत्र कसं चालेल? पण त्यामुळे होतं काय, की 'चुकून मालक बदलला, आता परत रूट करतो' असं म्हणून मालक पूर्ववत केला तरी बिट परत येत नाही. तो वेगळा लावावा लागतो, तोही मालक बदलून झाल्यानंतर. क्रम उलटा केला की पुन्हा शून्य.

बरं, समजा बिट कसाबसा परत लावला. तरी सुडो चालेलच असं नाही. कारण आता तो आपली नियमांची फाईल उघडतो, सुडोअर्स. कुणाला काय करता येईल हे तिथे लिहिलेलं. परमिशन असते ४४०, म्हणजे कुणीच लिहायचं नाही, अगदी मालकानेसुद्धा. सुडोला ही फाईल ७७७ झालेली दिसली तर तो ती वाचायलाच नकार देतो. त्याचं म्हणणं रास्त आहे. ज्या वहीत येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही काहीही लिहून ठेवलेलं असू शकतं, त्या वहीवर विश्वास ठेवून मी कुणाला राज्य कसं देऊ? एसएसएचचंही असंच. तुमची खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर तो ती हातात धरत नाही. सर्व्हरवरची होम डिरेक्टरी सगळ्यांना लिहिता येण्याजोगी असेल तर किल्लीने आत घेत नाही.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर हे. युनिक्समध्ये अधिकार फक्त 'परवानगी आहे' यातून येत नाही, 'इतरांना परवानगी नाही' यातूनही येतो. सगळ्यांना लिहिता येणाऱ्या कागदाला दस्तऐवज म्हणत नाहीत. सगळ्यांना सगळं दिलं, तेव्हा कुणालाच काही मिळालं नाही, ते यामुळे.

पण मग इतकं सगळं एका सुडोवर येऊन का ठेपलं? ही गोष्ट बेल लॅब्सच्या पुढची.

सुरुवातीला वरिष्ठ अधिकार मिळवायचा रस्ता होता एसयू. रूटचा पासवर्ड द्या, रूट व्हा. त्रास एवढाच की पासवर्ड एक आणि तो माहीत असलेली माणसं अनेक. कुणी काय केलं त्याचा पत्ता नाही, आणि एक माणूस सोडून गेला की सगळ्यांचा पासवर्ड बदला. शिवाय कुणाला फक्त प्रिंटर चालू-बंद करायचा असेल तरी त्याला अख्खं राज्य द्यायचं.

यातून १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो इथल्या स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यू यॉर्कच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सुडो लिहिला. व्हॅक्स-११/७५० मशीन, वर बीएसडी युनिक्स. स्वतःचाच पासवर्ड द्यायचा, यादीत नाव असेल तर तेवढी एक कमांड रूटच्या अधिकाराने चालणार, आणि त्याची नोंद होणार. डिसेंबर १९८५ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती यूजनेटवर आली आणि जगभर पसरली. मग कोलोरॅडो विद्यापीठातल्या लोकांनी ती वाढवली. १९९४ च्या सुमारास टॉड मिलर यांनी ती सांभाळायला घेतली, आणि तीस वर्षं उलटून गेली तरी तेच सांभाळत आले. ज्या प्रोग्रॅमवर जगातले सर्व्हर्स विसंबून आहेत, त्यामागे मुख्यत्वे एक माणूस. हे पचवायला मला थोडा वेळ लागला.

या काळात सत्ता कुणाच्या हाती असावी यावर वादही होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू एसयूच्या मॅन्युअलमध्ये 'व्हील' ग्रुप का नाही, याचं कारण लिहून ठेवलं होतं. व्हील म्हणजे ज्यांना एसयू वापरायची मुभा आहे अशा निवडकांचा गट. स्टॉलमन सांगतात, १९८४ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये काही जणांनी ऑपरेटरचा पासवर्ड बदलला, बाकीच्यांपासून लपवला आणि सगळी सत्ता आपल्याकडे घेतली. स्टॉलमननी त्या सिस्टिमच्या कर्नलमध्येच बदल करून सत्ता परत सगळ्यांना मिळवून दिली. त्यांची बाजू सरळ होती: पासवर्ड फुटला आणि सामान्य यूजरला कळला, तर त्याला तो वापरता यायला हवा. आज कुठल्याही ऑडिटमध्ये हे वाक्य उच्चारलं तर काय होईल याची कल्पना करा! :) पण प्रश्न खरा आहे. अपघातानंतर आत शिरायचे रस्ते किती, आणि ते कुणाच्या हातात?

१९९० च्या दशकापर्यंत उत्तर होतं, निदान दोन. सुडो गेला तर एसयू, एसयू गेला तर कन्सोलवर थेट रूट म्हणून लॉगिन. (लॉगिन प्रोग्रॅम मुळातच रूट म्हणून चालू असतो, त्याला मुखत्यारपत्राची गरज नसते.) मग २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आलं, त्यात रूट खातं मुळातच बंद. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली, मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. तिथेही रूटचा पासवर्डच नाही. पहिला यूजर आणि त्याचा सुडो, झालं. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय चांगला होता. जो पासवर्डच नाही तो कोण चोरणार? पण त्यामुळे जो सुडो बाजूचा दरवाजा म्हणून जन्मला होता, तो घराचा एकमेव दरवाजा झाला. आमच्या पिढीने लिनक्स शिकलं ते या घरात. दुसरा दरवाजा असतो हेच आम्हाला माहीत नाही. म्हणून सुडो गेला की आम्ही इतके हबकतो.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, काहीही बंद करायचं नाही. आमच्या एका प्रोजेक्टवर टेस्ट सर्व्हरवर नेमका हा प्रकार झाला, तेव्हा आमच्या सिनियरने आरडाओरडा न करता सगळ्यांना एकच विचारलं, "कुणाचं रूटचं टर्मिनल उघडं आहे का?" एकाचं होतं. सकाळी लॉग बघायला उघडलेलं आणि तसंच राहिलेलं. त्यावर पाच मिनिटांत सुडो उभा राहिला. कारण सेटयूआयडी बिट तपासला जातो तो प्रोग्रॅम सुरू होताना. जो आधीच रूट म्हणून चालू आहे, त्याचा अधिकार फाईलवरचा बिट पुसल्याने जात नाही. काका कचेरीत पोचल्यावर घरचं मुखत्यारपत्र फाडलं, तरी काका आतच आहेत.

याचं जुनं, गाजलेलं उदाहरण म्हणजे १९८६ मधली मँचेस्टर विद्यापीठातली घटना. तिथे मुळापासून सगळं उडवणारी कमांड चुकून चालली आणि मध्येच थांबवेपर्यंत बिन, ईटीसी, लिब अशा महत्त्वाच्या डिरेक्टऱ्या गेल्या. पण काही सेशन्स उघडी होती, एका टर्मिनलवर ईमॅक्स चालू होता. त्या मंडळींनी व्हॅक्सच्या मशीन कोडमध्ये एक चिमुकला प्रोग्रॅम हाताने रचून टीएमपी या डिरेक्टरीचं नाव बदलून ईटीसी केलं, आणि तिथून मशीन परत उभं केलं. उघडं टर्मिनल म्हणजे काय चीज आहे ते त्या दिवशी कळलं असणार.

आपल्याकडे इंटरव्ह्यूमध्ये एक प्रश्न हमखास विचारतात: सीएचमॉडच्याच फाईलवरची चालवण्याची परमिशन गेली तर? उत्तरं बरीच आहेत. पर्ल किंवा पायथनमधून तोच सिस्टिम कॉल करा, किंवा डायनॅमिक लोडरला सांगून ती फाईल चालवा. पण लक्षात घ्या, हे सगळं तुम्ही रूट असाल तरच. हत्यार हरवलं तर दुसरं मिळतं. अधिकार हरवला तर त्याच मजल्यावर फिरून तो मिळत नाही. एक मजला खाली उतरावं लागतं.

खालचा मजला म्हणजे मशीन स्वतः. पीडीपी-११ च्या काळात मशीनच्या दर्शनी पॅनेलवर स्विचेस असायचे, आणि ते पॅनेल लॉक करायला खरीखुरी, लोखंडाची किल्ली. त्यावेळच्या युनिक्समध्ये सुरू होताना स्विचेसवर १७३०३० हा ऑक्टल आकडा लावलेला असेल, तर लॉगिन वगैरे काही न विचारता थेट रूटचा शेल मिळायचा. सिंगल-यूजर मोड तो हाच. आज स्विच गेले, तत्त्व तेच राहिलं. मशीन सुरू होताना ग्रबच्या मेन्यूत रिकव्हरी मोड निवडायचा, किंवा कर्नलला सांगायचं की नेहमीच्या इनिटऐवजी थेट बॅश सुरू कर. डिस्क लिहिण्याजोगी करून घ्यायची, सुडोची मालकी रूटला द्यायची, मग त्यावर ४७५५, सुडोअर्सवर ४४०. तेही जमत नसेल तर लाइव्ह सीडी किंवा पेनड्राइव्हवरून दुसरंच लिनक्स सुरू करून आपली डिस्क बाहेरून दुरुस्त करायची. नॉपिक्सने २००० सालापासून ही सोय घरोघरी पोचवली.

म्हणजे युनिक्सच्या सगळ्या परमिशन्सच्या खाली एक न लिहिलेली परमिशन आहे. ज्याच्या हातात मशीन, तो मालक. ग्रबला पासवर्ड नसेल आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर की-बोर्डसमोर बसलेला कुणीही रूट आहे. हे भयंकर वाटतं. पण हाच तुमचा शेवटचा रस्ताही आहे.

सुडो परत आला म्हणजे सगळं झालं असंही नाही. बाकीच्या हजारो फाईल्स ७७७ आहेत, त्यांची मूळ परमिशन काय होती हे कोण लक्षात ठेवणार? इथे प्रत्येक घराण्याची रीत वेगळी. बीएसडीमध्ये १९९० च्या सुमारास एमट्री नावाचा प्रोग्रॅम आला, डिरेक्टरीच्या झाडाची मालकी आणि परमिशन्स लिहून ठेवणारा आणि ताडून बघणारा. रेड हॅटच्या आरपीएममध्ये प्रत्येक पॅकेजबरोबर त्याच्या फाईल्सच्या परमिशन्सची नोंद राहते आणि त्या परत लावायची सोय आहे. (आधी मालक, मग परमिशन. क्रम का, ते वर आलंच आहे.) ॲपलने डिस्क युटिलिटीमध्ये चक्क 'रिपेअर डिस्क परमिशन्स' असं बटण दिलं होतं. डेबियन आणि उबुंटूत मात्र असं एका फटक्यात काही नाही, पॅकेजेस परत इन्स्टॉल करा. आणि तुमचा स्वतःचा डेटा, तुमच्या ॲप्लिकेशनच्या फाईल्स, यांची आठवण कुठल्याच पॅकेजला नसते. तिथे बॅकअपच कामी येतो. खरं सांगायचं तर मुळापासून ७७७ फिरलेला प्रॉडक्शन सर्व्हर नव्याने उभा करणंच शहाणपणाचं. मधल्या वेळात कुणी कशात काय लिहिलं, हे आता तुम्ही सिद्ध करू शकत नाही.

ॲपलचं ते बटण २००५ किंवा २०१० मध्ये मॅक वापरणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचं होतं. २०१५ मध्ये एल कॅपिटान आलं आणि बटण गायब. गरजच उरली नाही, कारण त्याच आवृत्तीत सिस्टिमच्या फाईल्सना असं संरक्षण आलं की रूटलाही त्यांना हात लावता येईना. खुद्द रूटला घरच्याच सिस्टिमने 'नाही' म्हटलं. हे संरक्षण काढता येतं, पण त्यासाठी पुन्हा खालच्या मजल्यावर, रिकव्हरी मोडमध्येच जावं लागतं.

मुखत्यारपत्राच्या कल्पनेवरचा लोकांचा विश्वासही उडत चाललाय, आणि त्याला कारणं आहेत. जानेवारी २०२१ मध्ये सुडोत एक असा दोष सापडला की साधा यूजर थेट रूट होऊ शकत होता. दोष होता जुलै २०११ पासूनचा. जानेवारी २०२२ मध्ये पीकेएक्झेकमध्ये तसाच सापडला, तो तर २००९ पासूनचा. ओपनबीएसडीने २०१५ मध्येच सुडोऐवजी छोटासा डूॲज काढला होता. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला सुडो आला. आणि जून २०२४ मध्ये सिस्टिमडीने 'रन झिरो' आणला, ज्यात सेटयूआयडी बिटच नाही. मुखत्यारपत्र वगैरे काही नाही, आधीपासून चालू असलेल्या मुख्य प्रोसेसकडे अर्ज करायचा, ती तुमच्या वतीने काम करेल. रिचींच्या त्या बिटाला इतक्या वर्षांनी कुणीतरी सरळ 'नको' म्हणतंय.

हे सगळं बघितल्यावर मला जे दिसतं ते असं. दर पिढीत हा अपघात होणं अवघड होत गेलं, आणि दर पिढीत दुरुस्तीचा दरवाजा आपल्यापासून थोडा लांब गेला. आधी तो पॅनेलवर होता, किल्ली खिशात. मग बूट मेन्यूत गेला. आज आपले बहुतेक सर्व्हर क्लाउडवर आहेत, ज्यांचं पॅनेल आपण कधी पाहिलेलंच नाही. तिथे खालचा मजला म्हणजे प्रोव्हायडरचं वेबपेज. डिस्क काढा, दुसऱ्या मशीनला जोडा, दुरुस्त करा, परत लावा. जमतं, पण ते पेज ज्याच्या खात्यात उघडतं तो खरा रूट. फोनच्या बाबतीत तर खालचा मजला बहुतेकांना उपलब्धच नाही, तो बनवणाऱ्या कंपनीकडे आहे. सोय म्हणून ते मला मान्य आहे, आईच्या फोनवर तिला रूट व्हायची गरज नाही. पण आपण ज्यांच्या जिवावर पगार घेतो त्या मशीन्सच्या बाबतीत 'माझ्याकडे सुडो आहे' म्हणजे 'माझ्याकडे मशीन आहे' असं नव्हे, एवढं तरी माहीत असायला हवं.

तेव्हा सोमवारी ऑफिसला गेलात की एक काम करा. आपल्या टीमला विचारा, उद्या सकाळी सुडो चालला नाही तर आत शिरायचा दुसरा रस्ता कोणता, आणि त्याची किल्ली कुणाकडे? कन्सोलचा पासवर्ड, क्लाउडचं मुख्य खातं, बॅकअप, जे काय असेल ते. उत्तरादाखल सगळे एकाच माणसाकडे बघायला लागले आणि तो नेमका सुट्टीवर असला, तर समजा की तुमचंही दार लॅचचंच आहे.